नोंद महाराष्ट्रात, प्रेत तेलंगणात: एका बेपत्ता शेतकऱ्याचं प्रकरण

मी निवृत्त शिक्षक. सध्या तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून काम करतो. लोकांचे अर्ज लिहून देणं, कोणत्या टेबलाकडे जायचं ते सांगणं आणि गरज पडली तर सोबत जाणं, असं ते काम आहे. हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीनं लिहितोय. गाव, तालुका आणि नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. ज्यांच्या घरातलं माणूस हरवलंय त्यांना आणि त्यांच्यासाठी धावपळ करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून आमच्या चुकाही लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

नांदेडहून गाडी मुदखेड, उमरी, धर्माबाद करत पूर्वेला जाते. पुढं बासर लागतं, मग गोदावरीचा पूल आणि मग निजामाबाद. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. राज्यं वेगळी झाली, सोयरिकी तुटल्या नाहीत. आजही इकडच्या लेकी तिकडं नांदतात आणि दोन्हीकडचे व्यापारी मराठी, तेलुगू, उर्दू सगळं बोलतात. पोलिसांची रजिस्टरं मात्र त्या वर्षी वेगळी झाली ती झालीच.

या पट्ट्यातल्या एका गावातले हे आबा. वय ६१. तीन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर. थोरला मुलगा शेती बघतो, धाकटा पुण्याला कंपनीत आहे, मुलगी जवळच दिलेली. गेली दोन वर्षं आबांचा विसर वाढला होता. जेवून उठले की पुन्हा ताट मागायचे. नातवाला मुलाच्या नावानं हाक मारायचे. दोनदा स्टेशनच्या रस्त्यावर सापडले, दोन्ही वेळा थोरल्यानं मोटारसायकलवर बसवून आणलं आणि रागावला. दवाखान्यात कुणी नेलं नाही. वय झालं की असं होतंच, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं.

आबांची एक सवय पुढं महत्त्वाची ठरली. घरात पत्र्याची जुनी पेटी आहे. तिच्यात सातबारा, बँकेचं पासबुक, सोसायटीच्या पावत्या आणि मावशींची, म्हणजे आबांच्या पत्नीची, चांदीची वाकी. पेटीची किल्ली आबांच्या करदोड्याला बांधलेली असायची. अंघोळीलाही सुटायची नाही.

काय घडलं

दिवाळी झाल्यावरचा पहिला आठवडी बाजार. आबा पिशवी घेऊन निघाले, मावशींनी दोनशे रुपये दिले. संध्याकाळी आले नाहीत.

पहिले तीन दिवस पाहुण्यांकडे फोन झाले, लेकीच्या गावी, मेहुण्याच्या गावी चकरा झाल्या. चौथ्या दिवशी शेजारच्या गावातल्या बघणाऱ्याकडे गेले. त्यानं लिंबू फिरवून सांगितलं, "मावळतीला हाय, पाण्याच्या कडंला." कार्तिकी एकादशी तोंडावर होती, त्यामुळे सगळ्यांच्या मनात एकदम पंढरपूर आलं. पुतण्या चार पोरं घेऊन गेला. चंद्रभागेचं वाळवंट, मठ, धर्मशाळा, दवाखाने असं तीन दिवस फिरून हात हलवत परत आला. मी या लोकांना हसणार नाही. कार्तिकीच्या गर्दीत चुकलेली म्हातारी माणसं खरंच सापडतात. पण आबा मावळतीला गेलेच नव्हते, ते उगवतीला गेले होते.

सातव्या दिवशी थोरला आणि पुतण्या ठाण्यात गेले. इतके दिवस का थांबलात, या प्रश्नाला थोरल्याचं उत्तर होतं, "चोवीस तास गेल्याबिगर घेत नाहीत म्हणले सगळे." असा नियम कायद्यात कुठंही नाही. माणूस दिसेना झाल्यावर तासाभरात गेलात तरी नोंद घ्यावीच लागते. शिवाय आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही.

प्रौढ माणूस हरवला तर लगेच गुन्हा दाखल होत नाही, मिसिंग रजिस्टरला नोंद होते. अठरा वर्षांखालच्या मुलाचं वेगळं आहे, तिथं अपहरणाचा गुन्हाच नोंदवावा लागतो. आबांची नोंद अशी झाली: "घरात कोणास काही एक न सांगता निघून गेले. वय ६१ वर्षे, रंग सावळा, बांधा सडपातळ, उंची ५ फूट ५ इंच, नाक सरळ, नेसणीस पांढरे धोतर, अंगात पांढरा शर्ट, डोक्यास टोपी, पायात चप्पल, भाषा मराठी." सोबत फोटो होता तो मुलीच्या लग्नातला, फेटा बांधलेला, बारा वर्षांपूर्वीचा.

हे वर्णन वाचून आमच्या तालुक्याच्या बाजारात उभं राहा. वीस माणसं सापडतील.

अडचण

माझ्याकडे हे प्रकरण चौथ्या महिन्यात आलं, आणि तेही माणूस शोधण्यासाठी नाही. मावशी आणि थोरला कागदांसाठी आले होते. पीकविम्याला सातबारा हवा होता, बँक पासबुक मागत होती. आबांच्या खात्यात किसान सन्मानचा दोन हजारांचा हप्ता आल्याचा मेसेज थोरल्याच्या मोबाइलवर येत होता, पण काढता येत नव्हता. मी सहज म्हणालो, "पेटीत असतील कागद, तर कुलूप तोडा ना."

थोरल्यानं मान खाली घातली. मावशी म्हणाल्या, "किल्ली त्यांच्यापाशी हाय. ते आले की उघडतील."

चार महिने त्या घरात पेटीला कुणी हात लावला नव्हता. थोरल्यानं एकदा हातोडी आणली होती, तर मावशी पेटीवर जाऊन बसल्या. कुलूप तोडायचं म्हणजे आबा येणार नाहीत हे आपल्या हातानं ठरवायचं, असं त्यांच्या मनात होतं.

मावशींची अडचण कागदाच्या पलीकडची होती. त्या सवाष्ण की विधवा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. संक्रांतीला वाणाला बोलवावं की नाही, या पेचातून शेजारणींनी स्वतःच वाट काढली आणि बोलावलं नाही. निराधार योजनेचे महिन्याचे दीड हजार मिळायला मृत्यूचा दाखला हवा, आणि मेले आहेत असं म्हणायला घर तयार नाही.

कोणते पर्याय होते

गावातल्या जाणत्यांनी सांगितलं की बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया करायची. पालाशविधी म्हणतात त्याला. एका वकिलानं सात वर्षं सांगितली. ते कायद्याला धरून आहे: माणूस जिवंत असता तर ज्यांना कळलं असतं त्यांना सात वर्षं त्याची काही खबर नसेल, तर तो जिवंत असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. जुन्या पुरावा कायद्याचं हे कलम १०८, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११. पण त्यासाठीही दिवाणी कोर्टातून जाहीर करून घ्यावं लागतं, सात वर्षं झाली म्हणून दाखला आपोआप हातात पडत नाही.

दुसरं कुणी म्हणालं, छत्रपती संभाजीनगरला खंडपीठात हेबियस कॉर्पस टाका. माणूस कुणीतरी डांबून ठेवल्याचा संशय असेल तर तो रस्ता आहे. इथं तसं काही नव्हतं, खर्च मात्र झाला असता.

व्हॉट्सॲपवर फोटो फिरवून झाला होता. त्यातून एकच फोन आला: "म्हातारबाबा आमच्याकडं हाईत, गाडीभाडं पाठवा." थोरल्यानं तीन हजार पाठवले. नंतर तो नंबर लागला नाही. पोस्टरवर घरचा नंबर टाकला की असे फोन येणारच, म्हणून आता मी ठाण्याचा नंबर टाकायला सांगतो.

"आधार हाय की, कुठं सापडले तर अंगठा लावून कळंल," हेही प्रत्येकजण बोलत होता. तसं होत नाही. आधारची यंत्रणा नंबर आणि ठसा एकमेकांशी जुळतो का एवढंच सांगते. नुसत्या ठशावरून कोट्यवधी लोकांत माणूस शोधायची सोय पोलिसांना त्यात नाही, आणि कायद्यानं बोटांचे ठसे कुणाला देताही येत नाहीत.

उरला शेवटचा पर्याय: अनोळखी प्रेतांच्या नोंदी बघायच्या. हे सुचवणं मला सगळ्यात जड गेलं. धाकटा पुण्याहून फोनवर भडकला, "गुरुजी, तुम्ही आमच्या बापाला मेलेल्यांत कामून शोधायलात?" मी त्याला एवढंच म्हणालो, की दवाखान्यात अनोळखी म्हणून दाखल असलेल्यांच्या नोंदीही आपण बघणार आहोत. बोलणं खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. त्याची परवानगी मिळाली ती त्या अर्धवट खऱ्यावर.

मावशींचा जबाब

कुठं शोधायचं हे ठरवण्याआधी मला नवं वर्णन हवं होतं. थोरला सांगत होता ते ठाण्यातलंच होतं. म्हणून मी मावशींसमोर वही घेऊन बसलो. तीन तास लागले. त्या आधी काही बोलेनात. "पोलिसांनी तुम्हाला काय काय विचारलं?" असं विचारलं तर म्हणाल्या, "मला कोण इचारतंय? गडीमाणसं गेलती ठाण्यात."

मग एकेक निघालं. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक नाही, कडबा कापताना गेलं. उजव्या पोटरीवर कुत्रं चावल्याचा वण. खालच्या जबड्यात उजवीकडच्या दोन दाढा नाहीत. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं मावशींनी लाल दोरा बांधलेला. करदोडा काळा, दुपदरी, त्याला पितळी किल्ली. किल्लीचा एक दात तुटला होता, तो गावातल्या कारागिरानं डाग देऊन बसवला, म्हणून त्या दाताचा रंग वेगळा.

मी विचारलं, "आबा आयुष्यात अजून कुठं कुठं राहिलेत?"

"कुठं राहतेत? इथंच." मग थोडं थांबून म्हणाल्या, "लगीन झाल्यावर चार वर्षं शक्करनगरात होताव की आम्ही."

शक्करनगर म्हणजे बोधनच्या निजाम शुगर फॅक्टरीची वसाहत. निजामाच्या काळात उभा राहिलेला कारखाना, एके काळी आशियातल्या मोठ्यांत गणला जाणारा. आमच्या भागातले कितीतरी लोक हंगामाला तिथं जायचे. आबा तिथं चार वर्षं होते, तेलुगू चांगलं बोलायचे. मुलं नंतर झाली, त्यांना बापाला तेलुगू येतं हेही धड माहीत नव्हतं. दसऱ्याच्या सुमारास आबा मावशींना म्हणाले होते, "चल, हंगाम सुरू व्हायलाय, शक्करनगरला जावं लागतंय." मावशी हसल्या होत्या.

विसर पडलेली माणसं पुष्कळदा जुन्या घराकडे, जुन्या कामाच्या जागी निघतात. अलीकडचं पुसलं जातं आणि तरुणपणचं टिकून राहतं, त्यांच्या लेखी ते घरीच चाललेले असतात. दोनदा ते स्टेशनच्या रस्त्यावर सापडले होते, आणि बोधनला जायचं तर गाडी त्याच स्टेशनवरून.

कृती

आमच्या ठाण्यातल्या हवालदारांनी संगणकावर अनोळखी प्रेतं आधीच बघितली होती, पण ती राज्यापुरती. मी नवं वर्णन नेऊन दिलं, मिसिंगच्या नोंदीत पुरवणी जबाब म्हणून मावशींचं सगळं घ्यायला लावलं आणि लोहमार्ग पोलिसांच्या नावानं पत्र मागितलं. ते मिळायला नऊ दिवस गेले. मग मी, पुतण्या आणि तेलुगू वाचता येणारे माझे एक जुने सहकारी, असे तिघं निघालो.

तिकडच्या रेल्वे पोलीस ठाण्यातले हेड कॉन्स्टेबल उर्दूत बोलले, म्हणून निभावलं. रजिस्टर तेलुगूत होतं. सहकारी बोट फिरवत वाचत होते आणि मी बाजाराच्या तारखेपासून पुढच्या नोंदी विचारत होतो. दुसऱ्याच पानावर ते थांबले. अनोळखी पुरुष, वय अंदाजे ७०, भाषा तेलुगू. रुळाशेजारी जखमी अवस्थेत कीमनला, म्हणजे रूळ तपासत फिरणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याला, दिसला, स्टेशन मास्तरच्या मेमोवरून दवाखान्यात दाखल, दोन दिवसांनी मृत्यू. कमरेला काळा दोरा, त्यात किल्ली एक.

दवाखान्यात आबा अधूनमधून शुद्धीवर यायचे. नर्सनं तेलुगूत नाव विचारलं, त्यांनी तेलुगूतच उत्तर दिलं, पण नाव सांगितलं नाही. पाणी मागितलं आणि "शक्करनगर" म्हणाले. तिथल्या पोलिसांनी कामचुकारपणा केला असं मी म्हणणार नाही. तो हेड कॉन्स्टेबल स्वतः फोटो घेऊन शक्करनगरला गेला होता. पण कारखाना २०१५ मध्येच बंद पडलेला. क्वार्टर ओस, ओळखणारं कुणी नाही. त्यानं निजामाबाद आणि शेजारच्या जिल्ह्यांत फोटो पाठवले. तेलुगू बोलणारा म्हातारा महाराष्ट्रातला असेल हे त्याच्या मनात का यावं? आणि आमच्या नोंदीत ठसठशीत लिहिलेलं होतं, भाषा मराठी.

वयात नऊ वर्षांचा फरक होता. भाषा वेगळी, राज्य वेगळं. मृत्यू ज्या दिवशी झाला त्या दिवशी आमचा पुतण्या पंढरपूरच्या वाटेवर होता.

मृतदेह तीन दिवस शवागारात ठेवून नगरपालिकेनं पुरला होता. अनोळखी प्रेत शक्यतो जाळत नाहीत, पुरतात, ते याचसाठी की पुढं कुणी आलं तर ओळख पटवता यावी. इथं दफनाआधी डीएनएचा नमुना काढून ठेवलेला नव्हता.

पहिला निर्णय: फोटो

त्यांच्याकडे प्रेताचे फोटो होते. पुतण्यानं बघितले आणि म्हणाला, "हे आमचे आबा न्हाईत." चेहरा सुजलेला, डोक्याला पट्टी, दाढी वाढलेली, अंगावर दवाखान्याचे कपडे. खरं सांगायचं तर मलाही ते वाटले नाहीत, आणि मी आबांना वीस वर्षं बघितलेलं. इथून परत फिरलो असतो तर प्रकरण तिथंच संपलं असतं.

चेहऱ्यावरून ओळख हा सगळ्यात कच्चा पुरावा. मोठ्या दुर्घटनांत ओळख पटवताना इंटरपोल जे मुख्य आधार मानतं ते बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. बघून ओळखण्यावर विसंबत नाही. म्हणून मी त्यांना हाताचा फोटो मागितला. पंचनाम्याच्या फोटोत डावा हात चादरीखाली होता. मरणोत्तर पंचनाम्यात करंगळीचा उल्लेख नव्हता. शवविच्छेदनाच्या अहवालात एक ओळ सापडली: डाव्या करंगळीचं टोक नाही, जुनं.

मग मुद्देमालाची पिशवी उघडली. चुन्याची डबी, बारा रुपयांची नाणी, कापलेला करदोडा आणि किल्ली. चष्मा नव्हता. किल्लीचा एक दात पिवळ्यात तांबूस दिसत होता. पुतण्या बाहेर जाऊन पायरीवर बसला.

दुसरा निर्णय: किल्ली पुरे की डीएनए

पंधरा दिवसांनी तिकडचा कॉन्स्टेबल किल्ली सीलबंद घेऊन गावात आला. आमच्या ठाण्यातले हवालदार, दोन पंच, आणि अंगणात आणून ठेवलेली पेटी. मावशी जोत्यावर बसल्या होत्या, जवळ आल्या नाहीत. कुलपाला चार महिन्यांचा गंज होता. किल्ली आधी फिरेना. हवालदारांनी खोबरेल तेलाचे दोन थेंब मागितले. मग कुलूप उघडलं. मावशी काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या आणि आतून कडी लावली.

पंचनामा संपल्यावर सगळ्यांचं मत एकच पडलं: झालं, ओळख पटली, प्रकरण मिटवा. कुटुंबालाही तेच हवं होतं. मी मात्र अडून बसलो आणि त्याबद्दल बरीच बोलणी खाल्ली. स्वस्तातली कुलपं एकमेकांच्या किल्लीनं उघडतात हे गावातल्या कुणालाही माहीत आहे. डाग दिलेला दात बळकट खूण होती, करंगळीही होती, तरी उद्या जमिनीच्या फेरफाराला एखाद्या भाऊबंदानं हरकत घेतली तर कोर्टात "किल्ली बसली" एवढ्यावर उभं राहायचं का? शिवाय चुकून ते दुसरंच कुणी असतील तर आबांचा शोध आमच्या हातानं बंद होणार होता, आणि त्या दुसऱ्या माणसाच्या घरच्यांचाही.

डीएनएसाठी प्रेत उकरावं लागणार होतं. त्याला कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि उकरताना अधिकारी हजर असावा लागतो. थोरला म्हणाला, "मातीतून काढायचं म्हणजे इटंबना व्हते." त्याला दोष देता येत नाही. शेवटी तिढा मावशींनी सोडवला. त्या म्हणाल्या, "काढा. आमच्यात पुरत न्हाईत. निदान बाहेर तरी येतील."

मांडीचं हाड आणि एक दाढ घेतली. थोरल्याचं आणि मुलीचं रक्त घेतलं. नमुने हैदराबादला गेले.

निष्पत्ती

अहवाल यायला बेपत्ता झाल्यापासून तेरावा महिना उजाडला. जुळला. अस्थी ताब्यात मिळाल्या, बासरला गोदेकाठी क्रिया झाली. मावशींनी कुंकू पुसलं ते अहवालाच्या दिवशी. किल्ली बसली त्या दिवशी नाही. मधले आठ महिने गावात त्यावरून काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही.

मृत्यूची नोंद जिथं मृत्यू होतो तिथंच होते. तिथं ती "अनोळखी पुरुष" म्हणून झालेली होती, म्हणून दाखल्यासाठी आधी नोंदीत नाव घालून घ्यावं लागलं. आमच्या ठाण्याच्या मासिक अहवालात आबा "मिळून आले" या रकान्यात गेले. दुसरा रकाना "न मिळाले" असा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पोलिसांबद्दल आधी. नोंद घेताना घरातल्या बाईमाणसाला बोलावलं असतं तर करंगळी, किल्ली, तेलुगू आणि शक्करनगर हे चारही पहिल्याच दिवशी कागदावर आलं असतं. यातली कोणतीही एक गोष्ट पुरली असती. आता मी कुणाचीही मिसिंग नोंद करायला जाताना घरून एक कागद लिहून नेतो: जुन्या जखमा, पडलेले दात, अंगावरचा दोरा-ताईत, गोंदण, येणाऱ्या भाषा आणि आयुष्यात राहिलेली सगळी गावं. रंग-बांधा शेवटी.

कुटुंबानं पहिल्या दिवशी नोंद केली असती तर आबा वाचले असते का, हा प्रश्न थोरला अजून विचारतो. डोक्याची जखम मोठी होती, त्यामुळे बहुधा नाही. पण ते दोन दिवस दवाखान्यात जिवंत होते, आणि त्या दोन दिवसांत घरचं कुणी उशाशी असू शकलं असतं. हे मी त्याला सांगितलेलं नाही. इथं वाचेल तर वाचेल.

विसराच्या आजाराबद्दलही बोललं पाहिजे. दोनदा स्टेशनच्या रस्त्यावर सापडलेला माणूस तिसऱ्यांदा जाणारच. खिशात चिठ्ठी राहत नाही, शर्ट बदलतात. जत्रेत हातावर मोबाइल नंबर गोंदवून मिळतो. आमच्या गावात आता दोन म्हाताऱ्यांनी तसा गोंदवलाय, एकानं सुनेचा, कारण मुलगा नंबर बदलत राहतो.

माझी स्वतःची चूक सगळ्यात महागात पडायची वेळ आलीय. चालत्या गाडीतून पडून प्रवाशाचा मृत्यू झाला तर रेल्वेकडून आठ लाखांची भरपाई मिळू शकते. अर्ज दावा न्यायाधिकरणाकडे घटनेपासून एका वर्षात करायचा असतो. जवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलेलं आहे. मी डीएनएचा अहवाल येईपर्यंत थांबलो, ओळखच पक्की नाही तर दावा कुणाच्या नावानं करायचा म्हणून. किल्ली बसली त्याच आठवड्यात दावा दाखल करून अहवाल नंतर जोडता आला असता. आता उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत लावलाय. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होतो. आबा गाडीतून पडले की रूळ ओलांडताना गाडी लागली, हा वाद वेगळाच आहे. कीमनच्या जबाबात ते रुळापासून चार हात लांब, गाडीच्या दिशेनं डोकं करून पडलेले होते, आमचा भर त्यावर आहे.

पुढची तारीख आषाढात आहे. मृत्यूच्या दाखल्यावर आडनाव एका अक्षरानं चुकलंय, ते दुरुस्त करायला त्याआधी एकदा तिकडं जावं लागेल. या खेपेला मावशी सोबत येणार म्हणतात. त्यांना परतताना शक्करनगरची क्वार्टर बघायची आहेत.